अँडर्टनची बोट लिफ्ट आणि तिच्या पायथ्याचं बेसिन

ओहोळ (धागाकर्ता)

मागच्या वर्षी आई-बाबा आमच्याकडे वॉरिंग्टनला आले होते. बाबांची अख्खी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. कालवा दिसला की त्यांचे पाय थांबतात. म्हणून त्यांना अँडर्टनला घेऊन गेलो. चेशरमधलं नॉर्थविच गाव, त्याच्या जरा बाहेर. खाली वीव्हर नदी, आणि तिच्या अगदी लगत पण 50 फूट वरून जाणारा ट्रेंट अँड मर्सी कालवा. या दोन पाण्यांच्या मधे लोखंडाचा प्रचंड सांगाडा उभा आहे. त्यात दोन हौद. नाव हौदात शिरते, दारं बंद होतात आणि पाण्यासकट, नावेसकट अख्खा हौद वर जातो किंवा खाली येतो. मी उत्साहानं यंत्राबद्दल सांगायला लागलो, तर बाबांनी हात करून थांबवलं. "यंत्र राहू दे. आधी सांग, हे व्हायच्या आधी इथे माल कसा चढवायचे?"

घरी आल्यावर महिनाभर वाचत बसलो, आणि कळलं की बाबांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. लिफ्टची गोष्ट लिफ्टपासून सुरू होत नाही. ती सुरू होते पायथ्याशी खणलेल्या बेसिनपासून, म्हणजे नदीला जोडून काढलेल्या छोट्या गोदीपासून. त्याच क्रमानं लिहितो.

या भागाच्या पोटात मीठ आहे. नॉर्थविच, मिडलविच, विन्सफर्ड ही सगळी मिठाची गावं. ते मीठ लिव्हरपूलकडे न्यायला वीव्हर नदी हवी होती, पण ती उथळ आणि वळणावळणाची. 1721 मध्ये पार्लमेंटनं कायदा केला आणि 1732 मध्ये विन्सफर्डपर्यंत नावा जायला लागल्या. जाताना मीठ, येताना मिठागरांच्या भट्ट्यांना कोळसा. नदीच्या कारभाऱ्यांचं छान चाललं होतं.

मग कालवा आला. त्यामागे मुख्य जोर होता जोसाया वेजवुड या कुंभारकामातल्या मोठ्या कारखानदाराचा. स्टॅफर्डशरमधली त्याची भांडी तट्टांच्या पाठीवरून आणि खड्ड्यांच्या रस्त्यानं जाताना फुटत, आणि चिनी माती तर थेट कॉर्नवॉलहून समुद्रामार्गे यायची. 26 जुलै 1766 रोजी त्यानं स्वतः पहिली कुदळ मारली. अभियंता होता जेम्स ब्रिंडली. तो 1772 मध्ये वारला, काम ह्यू हेन्शॉलनं पुरं केलं आणि 1777 मध्ये 93 मैलांचा कालवा वाहता झाला. अँडर्टनला तो नदीच्या डोक्यावरून जातो. दोघांचा धंदा एकच, म्हणजे सुरुवातीला उघड वैर. पण व्यापाऱ्याला वैराशी काय घेणं? त्याला या पाण्यातला माल त्या पाण्यात हवा होता.

म्हणून 1793 मध्ये कालव्याच्या बरोबर खाली, नदीच्या उत्तर काठावर बेसिन खणलं. वरून खाली यायला लाकडी पन्हळी: कालव्यातल्या नावेतून मीठ पन्हळीत ओतायचं, ते घसरत खालच्या नावेत पडायचं. खालून वर न्यायला याऱ्या, आणि एक उतार. पुढे धक्के वाढले, पन्हळी वाढल्या, आणि जवळजवळ 80 वर्षं इथे माल हातानं एका नावेतून दुसऱ्या नावेत गेला. मीठ, कोळसा, चिनी माती, पेंढ्यात बांधलेली भांडी. खाली जाणं त्यातल्या त्यात सोपं, कारण उतार मदतीला होता. वर न्यायचा प्रत्येक टन कुणीतरी भरला, यारीनं चढवला, पुन्हा कुणीतरी रिकामा केला. माझ्या मते या जागेचा खरा इतिहास त्या 80 वर्षांत आहे, आणि तिथल्या माहितीफलकांसमोर लोक तेवढ्याच दोन ओळी वाचून पुढे सरकतात.

1870 च्या सुमारास वीव्हरच्या विश्वस्तांनी, म्हणजे नदीच्या कारभाऱ्यांनी, ठरवलं की नावच वर न्यायची. त्यांचा अभियंता एडवर्ड लीडर विल्यम्स (याच माणसानं पुढे मँचेस्टर शिप कॅनॉल बांधला). लॉकची (पाणी भरून किंवा सोडून नाव पायरीपायरीनं चढवणाऱ्या, दारं असलेल्या टाक्यांची) माळ बांधता आली असती, पण 50 फुटांसाठी सात-आठ लॉक लागणार, तेवढी बरी जागा त्या काठावर नव्हती, शिवाय दर खेपेला कालव्याचं पाणी नदीत जाणार. कालवा तोवर नॉर्थ स्टॅफर्डशर रेल्वे कंपनीच्या मालकीचा झाला होता. तिच्याकडे खर्चाचा वाटा मागितला, तिनं दिला नाही. विश्वस्तांनी स्वतःच पैसे घातले.

आराखडा एडविन क्लार्कचा. क्लार्कनं वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाचे अजस्र लोखंडी नळ पाण्याच्या दाबानं उचलताना पाहिले होते, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये जहाजं उचलणारी हायड्रॉलिक लिफ्टही बांधली होती. इथे त्यानं दोन हौद घेतले. घडीव लोखंडाचे, प्रत्येक 75 फूट लांब, साडेपंधरा फूट रुंद. एका हौदात 72 फुटी दोन नॅरोबोट (इंग्लंडच्या कालव्यांतल्या लांबट अरुंद नावा) शेजारी शेजारी बसतात. पाण्यानं भरलेल्या हौदाचं वजन 252 टन. आणि तो हौद उभा कशावर? मधोमध एकाच दट्ट्यावर. 3 फूट व्यासाचा, 50 फूट लांबीचा पोकळ बिडाचा दट्ट्या, जमिनीत पुरलेल्या बिडाच्या सिलिंडरमधे. दोन्ही सिलिंडर 5 इंची नळानं जोडलेले. एक हौद खाली आला की त्याच्या सिलिंडरमधलं पाणी दुसऱ्या हौदाला वर ढकलतं.

1872 मध्ये कायदा झाला, काम सुरू झालं, आणि लिफ्ट वाहतुकीला खुली झाली ती 26 जुलै 1875 रोजी. वेजवुडच्या कुदळीला त्याच दिवशी 109 वर्षं झाली होती. खर्च 48,428 पौंड. वरच्या बाजूला कालव्यातून लिफ्टपर्यंत 165 फुटांचा लोखंडी जलसेतू आहे. त्याच्या टोकाला उभं राहून खालचं बेसिन बघताना बाबा बराच वेळ बोलले नाहीत.

पुढे काय काय झालं ते सवडीनं लिहितो. तोवर प्रश्न असतील तर विचारा.

रानजाई

फार सुंदर लिहिलंय. एक शंका. वरच्या हौदात मालानं भरलेली नाव आणि खालचा हौद रिकामा, असं असेल तर तराजू एकीकडे झुकणार नाही का? दर वेळी दोन्हीकडे सारख्या वजनाच्या नावा कशा मिळायच्या?

जुना फिटर

रानजाईताई, इथेच तर गंमत आहे. नाव तरंगत आत येते तेव्हा स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते. शाळेत आर्किमिडीज शिकलो तोच. हौदातल्या पाण्याची पातळी सारखी ठेवली की नाव भरलेली असो, रिकामी असो किंवा नावच नसो, हौदाचं वजन तेच. 252 टन म्हणजे 252 टन.

मग हलवायचं कसं? खाली येणाऱ्या हौदात 6 इंच पाणी जास्त ठेवायचं. 75 गुणिले साडेपंधरा गुणिले अर्धा फूट, म्हणजे 580 घनफूट, म्हणजे जवळजवळ 16 टन. तेवढा भार पुरे. बाकी काम नळातलं पाणी करतं.

दाबाचाही हिशोब करून बघितला. 3 फुटी दट्ट्याचा छेद हजार चौरस इंचांच्या किंचित वर. 252 टन त्यावर. चौरस इंचाला साधारण साडेपाचशे पौंड. आज गॅरेजमधला जॅक याहून जास्त दाब सहज घेतो. पण 1875 मध्ये, बिडाच्या सिलिंडरमधे, तेही जमिनीखाली, जिथे हात घालून बघता येत नाही? मी 31 वर्षं प्रेसवर काम केलंय. बीड दाबायला चांगलं, ताणायला वाईट. सिलिंडरच्या भिंतीवर ताणच येतो. ओहोळ, हे फुटलं असणार. फुटलं ना?

ओहोळ (धागाकर्ता)

फिटरकाका, फुटलं! 1882 मध्ये. एक हौद वर कालव्याच्या पातळीला होता, आत नाव होती, आणि त्याच्या खालचा सिलिंडर तडकला. हौद खाली आला, पण दगडासारखा कोसळला नाही. तडकलेल्या जागेतून पाणी निसटायला वेळ लागत होता, आणि खाली हौद ज्या खळग्यात बसतो त्यातही पाणी होतं, त्यानं झेललं. कुणालाही इजा झाली नाही. नंतर दुसऱ्या सिलिंडरची चाचणी घेतली, तर तोही फुटला. लिफ्ट 6 महिने बंद. कमजोर भाग नव्यानं आखून बसवले.

अजून एक तपशील राहिला होता. हौद खालच्या पाण्यात बुडायला लागला की पाणी त्याला उचलून धरतं, म्हणजे तो हलका होतो आणि शेवटचे काही फूट तराजू अडतो. त्यासाठी बाजूला वाफेच्या इंजिनावर चालणारा दाबसाठा, म्हणजे दाबाखालचं पाणी साठवून ठेवणारं यंत्र, होतं. इंजिन फक्त 10 अश्वशक्तीचं. सगळं नीट चाललं तर चढउतार 3 मिनिटांत. फक्त इंजिनाच्या जोरावर एकच हौद उचलायचा तर अर्धा तास.

मिठागर

ओहोळदादा, मी उरणकडची. आजोबांचं आयुष्य आगरावर गेलं. मीठ म्हटलं की आमच्याकडे ऊन, खाडीचं पाणी, आणि फळीनं ओढून बांधावर केलेल्या राशी. पावसाच्या आधी रास झाकायची धावपळ. तुमच्या त्या चेशरमधे एवढं ऊन कुठलं? तिथलं मीठ कसं निघतं?

आणि मीठ पन्हळीतून ओतायचं हे वाचून अंगावर काटा आला. मिठाचं काम ज्यानं केलंय त्यालाच माहीत, हाताला पडलेली चीर मीठ भरू देत नाही. इंग्लंडच्या ओल्या हवेत दिवसभर मीठ ओढणाऱ्यांचे हात कसे असतील?

ओहोळ (धागाकर्ता)

मिठागरताई, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला.

तिथे ऊन नाही म्हणून विस्तव. जमिनीखाली मिठाचे थर आहेत, त्यावरून वाहणारं पाणी खारट होतं, ते उपसून मोठ्या उथळ लोखंडी कढयांमधे उकळायचं. म्हणून तर कोळसा लागायचा आणि म्हणून नदी एवढी महत्त्वाची. काही ठिकाणी थेट खाणी खणून खडेमीठही काढलं.

याचा एक भयंकर परिणाम झाला. खालचं मीठ विरघळून गेल्यावर जमीन खचायला लागली. नॉर्थविचमधे रस्ते बसले, घरं कलली. मग तिथे लाकडी चौकटीची घरं बांधायला लागले, जमीन बसली की जॅक लावून अख्खं घर वर उचलायचं. याचा आपल्या लिफ्टशी पुढे संबंध येणार आहे, लक्षात ठेवा.

आणि हे मीठ कुठे कुठे गेलं? लिव्हरपूलहून जहाजात भरून कलकत्त्याला. एकोणिसाव्या शतकात बंगालच्या बाजारात लिव्हरपूलचं मीठ म्हणून जे विकलं जायचं ते चेशरचंच. तिथल्या मलंगी लोकांचा खाडीचं पाणी उकळून मीठ करायचा पिढीजात धंदा त्यात बुडाला. मुंबई इलाख्यात आपली आगरं टिकली, पण मिठावरचा कर चुकला नाही. 1930 मध्ये वडाळ्याच्या आगरावर आणि शिरोड्याला लोक मीठ उचलायला का गेले, हे या काठावर उभं राहून आठवलं की वेगळंच वाटतं.

मिठागर

शिरोड्याचं आजी सांगायची. मलंगी लोकांचं माहीत नव्हतं. म्हणजे त्या पन्हळीतून घसरलेल्या मिठातलं काही बंगाल्यांच्या ताटात पोचलं असेल. आता या पन्हळीबद्दल जे मिळेल ते सगळं लिहा. कितीही लांबलं तरी वाचेन.

घाटवाट

एक जोड. मुंबई बंदरातसुद्धा हॉग बेटावर जहाज पाण्याबाहेर उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट होती. ओहोळ यांनी व्हिक्टोरिया डॉकचा उल्लेख केला त्यावरून आठवलं. जुनी वर्णनं वाचताना तिचा उल्लेख भेटतो आणि तिथून पुढे कुणी लिहीत नाही. जहाज उचलायचं ते तळ खरवडायला. अँडर्टनला उचलायचं ते पुढे जायला, फरक एवढाच.

रानजाई

फिटरकाकांचा हिशोब दोनदा वाचला, आता मुलाला समजावून सांगितला. त्यानं बादलीत वाटी तरंगवून वजनकाट्यावर करून बघितलं. काठोकाठ भरलेली बादली, वाटी आत ठेवली, पाणी सांडलं, काटा हलला नाही! तो आता विचारतोय, पुढे काय झालं?

ओहोळ (धागाकर्ता)

बादलीचा प्रयोग वाचून फार आनंद झाला.

पुढचं. सिलिंडर बदलले, पण शत्रू आतच होता. दट्ट्यांसाठी कालव्याचंच पाणी वापरत होते, आणि ते पाणी लोखंड खात होतं. दट्ट्यांवर खाचा पडायला लागल्या. खाचा पडल्या की पॅकिंगमधून पाणी निसटतं, दाब राहत नाही. दुरुस्ती म्हणून खाचांत तांबं भरलं.

जुना फिटर

अरे देवा. बिडात तांबं? ओल्यात? तांबं आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की लोखंड झिजतं, तांबं सुखरूप राहतं. म्हणजे भरलेल्या खाचेच्या कडेला नवी खाच. त्या माणसांना दोष देत नाही. वरून काम बंद करू नका म्हणून तगादा असतो, हातात जे आहे त्यानं भोक बुजवायचं असतं. मीही असं केलेलं आहे, आणि सहा महिन्यांनी तेच काम दुप्पट होऊन परत आलेलं आहे.

ओहोळ (धागाकर्ता)

काका, अगदी तेच झालं. 1897 मध्ये कालव्याचं पाणी सोडून डिस्टिल्ड पाणी वापरायला सुरुवात केली, गंज मंदावला, पण थांबला नाही. 1904 पर्यंत अशी वेळ आली की दट्ट्यांच्या दुरुस्तीसाठी लिफ्ट कित्येक आठवडे बंद ठेवावी लागणार होती.

इथे प्रवेश होतो वीव्हरचा त्या वेळचा अभियंता सॅनर याचा. मगाशी खचणाऱ्या जमिनीचं म्हटलं ना? नॉर्थविचमधे नदीवर दोन फिरते पूल (नावा जाऊ द्यायला बाजूला वळणारे) बांधायचे होते आणि पाया स्थिर राहण्याची खात्री नव्हती. सॅनरनं पुलांचा भार बराचसा पाण्यात तरंगणाऱ्या तराफ्यांवर घेतला आणि पूल फिरवायला वीज वापरली. 1898 चा हेहर्स्ट पूल आणि 1899 चा टाउन पूल. ब्रिटनमधल्या पहिल्या विजेवरच्या फिरत्या पुलांत त्यांची गणना होते. विजेवर त्याचा भरवसा तिथे बसला होता.

लिफ्टसाठी तो म्हणाला, पाण्याचा दाब नकोच. हौद पोलादी दोरांनी टांगा, दोर कप्प्यांवरून न्या, दुसऱ्या टोकाला बिडाची वजनं लावा. हलणारे भाग खूप वाढतील, पण सगळे वर, उघड्यावर, हाताशी. जमिनीखाली काही नाही. शिवाय दोन्ही हौद एकमेकांपासून मोकळे: एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालेल.

मला सगळ्यात भावलं ते त्याचं बांधायचं कसब. जुन्या सांगाड्याला हात न लावता त्याच्याभोवती नवा सांगाडा उभा केला. दोन्ही बाजूंना पाच पाच, इंग्रजी ए आकाराच्या पोलादी कमानी आणि त्यांच्या डोक्यावर, नदीपासून 60 फूट उंचीवर, कप्प्या आणि दातेरी चाकांचा मजला. खाली जुनी लिफ्ट चालू, वर नवी बांधली जातेय. 1906 ते 1908 एवढ्या काळात वाहतूक बंद होती ती एकूण 49 दिवस. 29 जुलै 1908 ला नवी लिफ्ट सुरू झाली, खर्च 25,869 पौंड.

जुना फिटर

49 दिवस! चालत्या मशीनभोवती दुसरं मशीन उभं करायचं आणि एवढ्या कमी बंदीत. सॅनरसाहेबांना दंडवत. वजनं किती होती?

ओहोळ (धागाकर्ता)

36 वजनं, प्रत्येकी 14 टन. एका हौदाला 18.

जुना फिटर

18 गुणिले 14 म्हणजे 252. बरोब्बर भरलेल्या हौदाइतकं. म्हणजे मोटरला फक्त घर्षण आणि जडत्व ओलांडायचं. मोटर छोटीच असणार.

ओहोळ (धागाकर्ता)

30 अश्वशक्ती, फक्त.

अशी ती पाऊणशे वर्षं चालली. सांगाडा गंजू नये म्हणून ठरावीक वर्षांनी त्यावर डांबर आणि रबराचं मिश्रण चढवायचं. मग रेल्वेनं आणि ट्रकनं माल नेला. 1950-60 च्या दशकांत मालाच्या नावा आटल्या, 1970 नंतर उरल्या त्या सहलीच्या. 1983 मध्ये रंगवायला घेतली तेव्हा आतला गंज किती खोल गेलाय ते दिसलं, आणि लिफ्ट बंद झाली. 19 वर्षं बंद.

दीपमाळ

मी वास्तू-जतनाचं काम करते, म्हणून हा पुढचा भाग मला माहीत आहे आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे. 1990 च्या दशकात दुरुस्ती ठरली तेव्हा आधी विजेवरची 1908 ची लिफ्टच परत चालू करायचा विचार होता. नंतर निर्णय फिरला आणि 1875 ची हायड्रॉलिक पद्धत आणायची ठरलं, फक्त पाण्याऐवजी तेल. 2000 ला काम सुरू, मार्च 2002 मध्ये नावा पुन्हा वर जायला लागल्या. सुमारे 70 लाख पौंड लागले, त्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून चालणाऱ्या वारसा निधीचा मोठा वाटा होता, आणि लोकांनीही पैसे दिले.

माझी तक्रार अशी. क्लार्कची पद्धत 33 वर्षं चालली, तीही रडतखडत. सॅनरची 75 वर्षं चालली. मग खरी अँडर्टन लिफ्ट कुठली? आपल्याकडे जुन्या देवळावरचे रंगाचे आणि चुन्याचे थर खरवडून मूळ दगड काढतात तेव्हा मला हेच वाटतं. पेशवाईतल्या कुणा कारागिरानं गिलाव्यात काढलेली वेलबुट्टी मूळ नाही म्हणून खाली पडते. मूळ म्हणजे फक्त पहिलं का?

ओहोळ (धागाकर्ता)

दीपमाळताई, तुमच्या प्रश्नानं दोन रात्री झोप लांबवली.

तुमचं म्हणणं अर्धं पटतं. सॅनरला कमी मान मिळतो हे खरं. पण त्याचं काम खरवडून टाकलेलं नाही. 1908 चा पोलादी सांगाडा, कप्प्या, वरचा यंत्रांचा मजला, सगळं जागेवर आहे. काम करत नाही, पण उभं आहे. खाली तेलाच्या दाबावर क्लार्कची कल्पना चालते आणि तिच्या डोक्यावर सॅनरचा मुकुट. दोघे एकाच चौकटीत दिसतात अशी दुसरी जागा मला माहीत नाही. आणि 19 वर्षं गंजलेला सांगाडा पुन्हा पाचशे टन वजनं डोक्यावर घेईल का, हा प्रश्न होताच. दट्ट्यांवर भार घेतला की सांगाडा स्वतःपुरता उभा राहिला तरी भागतं.

दीपमाळ

सांगाड्याच्या भाराचा मुद्दा मान्य. पण वजनं? ती काढली.

ओहोळ (धागाकर्ता)

काढली. लिफ्टशेजारच्या आवारात त्यांचा भूलभुलैया केलाय. मुलं त्यातून धावतात. आधी मलाही रुचलं नव्हतं. मग बाबांनी एका वजनावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. 60 फुटांवरून लोंबणारी वस्तू होती ती, तिला हात लावायला मिळणं ही एरवी अशक्य गोष्ट. दीपमाळताई, माझं मत त्या क्षणी बदललं. तुमचं बदलावं असा आग्रह नाही.

दीपमाळ

बदललं नाही, पण तळव्याचं समजलं.

घाटवाट

क्लार्कच्या कल्पनेची पिल्लं कुठे कुठे गेली ते थोडक्यात. फ्रान्समधली फाँतिनेत 1888. बेल्जियममधल्या कनाल द्यू सांत्र या कालव्यावर चार लिफ्ट, त्यातली पहिली 1888 ची, आणि 1998 पासून त्या जागतिक वारशात आहेत. कॅनडातली पीटरबरो 1904, 65 फुटांची. आणि अँडर्टन पुन्हा सुरू झाली त्याच 2002 मध्ये, दोन महिन्यांनी, स्कॉटलंडमधलं फॉल्कर्कचं फिरतं चाक. तिथेही आर्किमिडीजच राबतो.

रानजाई

ओहोळ, लिफ्टवरून पलीकडे कारखाना दिसतो म्हणे. तो कसला?

ओहोळ (धागाकर्ता)

नदीपलीकडे विनिंग्टन. 1873 मध्ये ब्रनर आणि मोंड या दोघांनी तिथे मिठापासून सोडा अ‍ॅश, म्हणजे काच आणि साबणाला लागणारा सोडा, करायची कंपनी काढली. म्हणजे बेसिनच्या समोर मिठाचं पुढचं पर्व. पॉलिथिनचा शोधही 1933 मध्ये विनिंग्टनलाच लागला. आणि 2006 मध्ये ब्रनर मोंड विकत घेतली ती मुंबईच्या टाटा केमिकल्सनं. विनिंग्टनमधलं सोडा अ‍ॅशचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. मिठागरताई, कलकत्त्याला मीठ पाठवणाऱ्या नदीच्या काठावर मुंबईची पाटी लागली, हे आजोबांना सांगायला हवं होतं.

मिठागर

आजोबा म्हणाले असते, पाटी कुणाचीही असो, पाणी कसं आहे ते आधी जिभेवर बघ.

मार्चमधे बहिणीकडे मँचेस्टरला येतेय. लिफ्टमधे बसायला मिळालं तर ठीकच, पण मला ती पन्हळीची जागा बघायचीय. कुठे उभं राहू?

ओहोळ (धागाकर्ता)

जरूर या. यंत्र जुनं आहे, मधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतं, तेव्हा निघण्याआधी चालू आहे का ते बघून घ्या. बंद असलं तरी आवारात फिरता येतं.

आधी वर जा, कालव्याच्या काठाला, जिथून जलसेतू फुटतो तिथे. तिथून नदीकडे तोंड करून उभं राहिलात की समोर लिफ्ट आणि पायाखाली तो उतार. पन्हळी आता नाहीत, काठ झाडीनं भरलाय. पण 50 फूट म्हणजे किती हे तिथे पायांना कळतं. मग पायवाटेनं खाली बेसिनपाशी या आणि वर बघा. चढताना हातात काहीतरी जड घ्या, असं बाबांनी सांगितलंय. पाण्याची बाटली चालेल. येण्याआधी कळवा, मी स्टेशनवर घ्यायला येतो.

मिठागर

येते. घरचं आगराचं मीठ आणते, बाबांसाठी एक पुडी वेगळी.